फक्कीच्या रेषांवरून सायकल : खान्देशातील एका रस्त्याचे प्रकरण

खान्देशातील एका मध्यम शहरात, तापीला मिळणाऱ्या एका नदीच्या दोन्ही काठांना जोडणारा सुमारे पावणेदोन किलोमीटरचा रस्ता आहे. त्याच्या एका टोकाला जुनी पेठ आणि आठवडे बाजाराची जागा आहे, मधे नदीवरचा पूल आहे, पुलापलीकडे दोन शाळा, एक महाविद्यालय आणि गेल्या तीस वर्षांत वाढत गेलेल्या वसाहती आहेत. रस्ता जिथे संपतो तिथे महामार्ग आडवा जातो आणि महामार्गाच्या पलीकडे औद्योगिक वसाहत सुरू होते. या रस्त्याचे काँक्रिटीकरण होणार असे कळल्यावर तिथल्या काही रहिवाशांनी निवेदन द्यायचे ठरवले, की रस्ता नव्याने होतोच आहे तर त्यात सायकलींचीही सोय व्हावी. मी तंत्रनिकेतनात स्थापत्य अभियांत्रिकी शिकवतो, म्हणून निवेदनाला जोडायचा आराखडा काढण्याचे काम माझ्याकडे आले. शहराचे आणि माणसांचे नाव मी येथे घेतलेले नाही. प्रकरण एका गावचे असले तरी त्यातला पेच जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबार, अमळनेर अशा कुठल्याही गावात असाच उभा राहील, असे मला वाटते.

निवेदनातली मूळ मागणी एका वाक्याची होती : रस्त्याच्या कडेने सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग करावा. पहिल्या बैठकीत मी ते वाक्य वाचून दाखवले तेव्हा त्याला कोणाचा विरोध होईल अशी कल्पना नव्हती, कारण जमलेली बहुतेक माणसे सायकल चालवणारीच होती. विरोध त्यांच्यातूनच झाला, आणि तो इतका मनापासूनचा होता की ते एक वाक्य पुरे व्हायला पुढे चार महिने लागले.

बैठकीला कोण होते ते आधी सांगितले पाहिजे, कारण सगळे प्रकरण त्यावरच फिरते. सगळ्यांत वयस्कर होते ते दूध घालणारे एक गृहस्थ, ज्यांना लहानथोर सगळेच जिभाऊ म्हणतात. पाच-सहा किलोमीटरवरच्या खेड्यातून ते दिवसातून दोनदा शहरात येतात, आणि त्यांच्या काळ्या, जाड दांडीच्या सायकलीला दोन्ही बाजूंनी वीस-वीस लिटरचे कॅन टांगलेले असतात. नववीत शिकणारी एक मुलगी आईबरोबर आली होती. शहरातले एक डॉक्टर होते, जे पहाटे मित्रांबरोबर बारीक टायरच्या सायकलीवर सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतात. एक निवृत्त शिक्षिका होत्या, ज्यांनी नोकरीची पंचवीस वर्षे सायकलवर काढली आणि नंतर रस्त्यावरच्या गर्दीला भिऊन ती अंगणात उभी केली. झेरॉक्सचे दुकान चालवणारे एक अपंग गृहस्थ हाताने पॅडल मारायच्या तीनचाकीवर आले होते. यंत्रमागावर रात्रपाळी करणारा कामगार मात्र आला नाही. रविवारी सकाळी तो झोपलेला असतो, ही साधी गोष्ट बैठकीची वेळ ठरवताना आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आली नव्हती. त्याच्याकडे मी नंतर दुपारी चारला घरी जाऊन बोललो.

मुलीच्या आईला स्वतंत्र मार्ग हवा होता, आणि तोही नुसता पांढरा पट्टा मारलेला नको, मधे काहीतरी आडोसा असलेला हवा होता. डॉक्टरांना तो अजिबात नको होता. त्यांचे म्हणणे असे की असा मार्ग दोन महिन्यांत कचरा, खडी आणि उभ्या केलेल्या मोटारसायकलींनी भरतो, पण तो कागदावर असतो म्हणून मुख्य रस्त्यावर सायकल चालवणाऱ्याला प्रत्येक गाडीवाला हॉर्न मारून सांगतो की तुझी जागा तिकडे आहे. जिभाऊंनी दोघांचेही ऐकून घेतले आणि मग पुलाच्या चढाचा विषय काढला. "कॅन भरेल ऱ्हातस, आनि माले आठे उतरनं पडस," एवढेच ते म्हणाले. त्यांच्या दृष्टीने मार्ग वेगळा की एकत्र हा प्रश्नच नव्हता. भरलेल्या कॅनसकट कुठे उतरावे लागणार आणि कुठे नाही, एवढाच प्रश्न होता.

डॉक्टरांचा मुद्दा त्यांच्या एकट्याचा नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून जॉन फॉरेस्टर यांनी हाच पक्ष जोरकसपणे मांडला : सायकल हे वाहन आहे, सायकलस्वाराने वाहनचालकासारखे वागावे, इतरांनीही त्याला तसेच वागवावे, आणि त्याला कडेच्या पट्टीत ढकलू नये. त्याच दशकात नेदरलँड्स अगदी उलट दिशेने गेले. १९७१ साली त्या छोट्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत चारशेहून अधिक मुले दगावली, पालक रस्त्यावर उतरले, पुढे इंधनाच्या टंचाईचीही त्यात भर पडली, आणि हळूहळू तिथे सायकलींसाठी वेगळ्या मार्गांचे जाळे विणले गेले. आमच्या बैठकीत डॉक्टर आणि ती आई एकमेकांशी वाद घालत होते तेव्हा हे दोन्ही पक्ष एका टेबलाभोवती बसले होते, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. सराव असलेला, ताशी पंचवीस-अठ्ठावीस किलोमीटर वेगाने जाणारा, मागे न पाहता आवाजावरून ट्रक ओळखणारा माणूस आणि दप्तर अडकवून मैत्रिणीशी बोलत ताशी दहाच्या वेगाने जाणारी मुलगी, यांना रस्ता एकच दिसत नाही.

सायकलस्वारांचे प्रकार पाडण्याचा प्रयत्न इतरत्र झालेला आहे. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराचे सायकल समन्वयक रॉजर गेलर यांनी २००६ च्या सुमारास केलेली विभागणी नगररचनेच्या वर्गांत आजही शिकवली जाते. त्यांच्या अंदाजाने कुठल्याही रस्त्यावर बिनधास्त जाणारे लोक एक टक्क्याहूनही कमी, थोडी सोय असली की आत्मविश्वासाने चालवणारे सुमारे सात टक्के, इच्छा आहे पण भीती वाटते असे साठ टक्के, आणि काही झाले तरी सायकल न चालवणारे उरलेले एक तृतीयांश. आमच्या बैठकीतले डॉक्टर पहिल्या प्रकारात बसतात आणि शिक्षिका बाई तिसऱ्यात अगदी नेमक्या बसतात. पण जिभाऊ कुठल्या प्रकारात घालायचे? यंत्रमाग कामगार कुठे घालायचा? भीती त्यांनाही वाटते, पण चालवायची की नाही हा पर्याय त्यांच्यासमोर कधी ठेवलेलाच नसतो. आपल्याकडच्या अभ्यासकांनी या निरुपाय सायकलस्वारांचा वेगळा विचार केला आहे, आणि खान्देशात काम करताना त्यांच्यापासूनच सुरुवात करावी लागते. २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या ४४.८ टक्के घरांत सायकल होती, तर स्कूटर, मोटारसायकल किंवा मोपेड होती २१ टक्के घरांत. ती ४४.८ टक्के घरे हौसेची नव्हती. आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून निवडक तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या जातात, त्यामागेही हेच वास्तव आहे की शाळा दूर आहे आणि दुसरे साधन नाही.

निरुपायाने चालवणाऱ्याची एक अडचण अशी की त्याची मागणी ऐकू येत नाही. तो आजही त्या रस्त्याने जातोच आहे, त्यामुळे पाहणाऱ्याला वाटते की त्याचे भागते आहे. बाईंनी सायकल सोडली हे निदान दिसते. जिभाऊ रोज दोनदा पुलाच्या चढावर उतरून चाळीस लिटर दूध ढकलत नेतात हे वाहतुकीच्या कुठल्याही मोजणीत येत नाही. पांझरा नदीकाठच्या फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याचे पाणी सामाईकपणे वाटून घेण्याच्या जुन्या पद्धतीत, पाणी देण्याचे काम पाटकऱ्याकडे असते, ज्याच्या त्याच्या हाती नसते, कारण प्रत्येकाने आपापले बारे फोडले तर पाटाच्या शेवटी असलेल्या शेताला ओल लागणार नाही. रस्त्याची रुंदी वाटतानाही कोणीतरी पाटकऱ्याच्या जागी उभे राहावे लागते, आणि त्याने पाटाच्या शेवटी कोण आहे हे आधी पाहावे लागते.

दुसऱ्या बैठकीतही वाद तिथेच अडकला, तेव्हा मी सुचवले की कागदावर भांडण्यापेक्षा रस्ता जमिनीवर आखू आणि चालवून पाहू. कबड्डीचे मैदान आखतात तशी चुन्याची फक्की घेऊन मी आणि तृतीय वर्षाच्या काही विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाच्या मैदानावर साठ मीटर लांबीचा रस्ता खऱ्या मापाने आखला. कडेच्या दगडांच्या जागी विटा मांडल्या, मार्गाच्या तोंडाशी वाहने अडवणाऱ्या खांबांऐवजी बांबू रोवले, आणि एका टोकाला चौक काढला. मार्च महिना होता, म्हणून उन्हे चढायच्या आत, सात वाजता सगळ्यांना बोलावले. यंत्रमाग कामगार त्या दिवशी पाळी संपवून थेट मैदानावर आला.

माझ्या पहिल्या आखणीत सायकलमार्ग रस्त्याच्या एकाच बाजूला, येण्याजाण्याचा मिळून अडीच मीटर रुंद होता. जागा वाचते आणि दुसरी बाजू मोकळी राहते, असा माझा हिशेब होता. मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून बांबूंमधली फट मी पाऊण मीटर ठेवली होती. जिभाऊ निघाले आणि पहिल्याच बांबूला डाव्या बाजूचा कॅन अडकून थांबले. टेप लावून पाहिला तर कॅनसकट त्यांच्या सायकलीची रुंदी तीन फूट चार इंच भरली, म्हणजे एक मीटरहून थोडी जास्त. त्यांच्या मागे तीनचाकीवाले गृहस्थ होते. त्यांच्या गाडीची रुंदी पावणेतीन फूट, म्हणजे तेही अडले. एवढ्यात माझ्या एका विद्यार्थ्याने स्वतःची मोटारसायकल आणली, दोन बांबूंमध्ये हँडल तिरपे केले आणि आरामात आत आला. ज्याला अडवायचे तो आत आणि ज्यांच्यासाठी मार्ग केला ते बाहेर, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले. मी अनेक वर्षे वर्गात अशा खांबांची आकृती काढत आलो होतो. भरलेले कॅन टांगलेली सायकल त्या आकृतीजवळ कधी उभी करून पाहिली नव्हती, ही माझी चूक होती आणि ती मी तिथेच मान्य केली.

फट वाढवत वाढवत आम्ही १.२ मीटरवर आलो. ऑटोरिक्षा साधारण १.३ मीटर रुंद असते, त्यामुळे या फटीतून रिक्षा आणि मोटार आत येत नाहीत आणि जिभाऊ न उतरता जातात. मोटारसायकल मात्र येणारच. १९८९ च्या रस्ता नियमावलीपासून पदपथावर आणि सायकलमार्गावर मोटार वाहन चालवायला मनाई आहे, पण मोटारसायकलवाला आत शिरतो तो मुख्य रस्ता तुंबला म्हणजे. म्हणून शाळा सुटायच्या वेळी शाळेच्या दारासमोर रिक्षा आणि व्हॅन उभ्या राहून रस्ता अडतो, त्या ठिकाणासाठी वेगळी जागा आखणे हा सायकलमार्ग मोकळा ठेवण्याचाच उपाय ठरला. ही गोष्ट आराखड्यात लिहिताना तिचा सायकलशी काय संबंध असे मला दोघांनी विचारले होते. संबंध फार जवळचा आहे.

मग ती मुलगी आणि तिची मैत्रीण निघाल्या, शेजारी-शेजारी, बोलत. समोरून बाई आल्या. अडीच मीटरच्या पट्टीत हँडलची साठ-साठ सेंटीमीटर रुंदी, तीन सायकली आणि डोलायला लागणारी जागा मिळून काही उरेना, तेव्हा मैत्रीण थांबली. त्याच वेळी मागून डॉक्टर त्यांच्या नेहमीच्या वेगाने आले. धक्का लागला नाही, पण मुलीचे हँडल हलले, पाय खाली टेकला आणि एक वीट उलटली. डॉक्टर वळून परत आले, सायकलवरून उतरले, तिला लागले नाही ना याची खात्री केली आणि म्हणाले, "ताई, चूक तुझी नाही. माझी जागा इथे नाहीच." दोन बैठकांत जे सुटले नव्हते ते तिथे सुटले. स्वतंत्र मार्गाला त्यांचा विरोध नव्हता, त्यात जाण्याच्या सक्तीला होता. मार्ग हवा, पण जो मुख्य रस्त्यावरून जाऊ शकतो आणि जाऊ इच्छितो त्याचा तो हक्क शाबूत राहावा, असे वाक्य निवेदनात घातल्यावर त्यांनी सही केली. पुढे आराखड्याचे सगळ्यांत जास्त कष्टाचे काम त्यांनीच केले, हेही येथे नोंदवायला हवे.

चौकात बाईंची परीक्षा होती. मार्गावरून त्या बऱ्याच वर्षांनी, पण व्यवस्थित सायकल चालवत आल्या आणि चौकाच्या फक्कीपाशी येऊन थांबल्या. "इथून मी हातात धरून नेईन," असे त्या म्हणाल्या. त्यांच्या थांबण्यामागे तांत्रिक कारण आहे. मार्ग एकाच बाजूला आणि दुहेरी असला म्हणजे निम्मे सायकलस्वार वाहतुकीच्या उलट दिशेने चौकात येतात. गल्लीतून बाहेर पडून डावीकडे वळणारा मोटारचालक उजवीकडून येणारी वाहने पाहतो. डावीकडून कोणी येईल अशी त्याची अपेक्षाच नसते, त्यामुळे त्या बाजूने आलेला सायकलस्वार त्याला दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. अपघात दोन चौकांमधल्या सरळ पट्ट्यापेक्षा अशा तोंडांशी अधिक होतात, आणि घाबरणारा माणूस नेमका याच ठिकाणाला घाबरतो. त्याची भीती खोटी नसते. मी तो दुहेरी मार्ग त्याच सकाळी रद्द केला. दोन्ही बाजूंना, वाहतुकीच्या दिशेनेच जाणारा प्रत्येकी दोन मीटरचा एकेरी मार्ग आम्ही पुन्हा फक्कीने आखला. भारतीय रस्ते काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांतही सायकलमार्गाची किमान रुंदी दोन मीटरच आहे.

पुलापलीकडच्या भागात रस्त्याची एकूण रुंदी १८ मीटर आहे, आणि तिथे हिशेब बसला : मधे सात मीटरचा दुपदरी रस्ता, दोन्ही बाजूंना अर्ध्या मीटरचा दुभाजक, दोन मीटरचा सायकलमार्ग, दीड मीटरची झाडांची व थांबण्याची पट्टी आणि दीड मीटरचा पदपथ. गल्लीच्या तोंडांशी सायकलमार्ग खाली न उतरता त्याच उंचीने पुढे जावा आणि गाडीने तो उंचवटा हळू चढून ओलांडावा, अशी मागणी केली. पेठेत मात्र नऊ मीटर रस्ता आणि दोन्ही बाजूंना दुकानांच्या पायऱ्या आहेत. तिथे वेगळा मार्ग बसतच नाही, आणि ओढूनताणून बसवला तर तो दुकानांच्या मालाची जागा होईल. तिथे सगळ्यांनी एकत्रच जायचे, पण गाड्यांचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या आत राहिला पाहिजे, आणि माल उतरवणारे ट्रक शाळेच्या वेळेआधी निघून गेले पाहिजेत. पादचारी आणि सायकली जिथे गाड्यांबरोबर मिसळतात तिथे ३० ची मर्यादा असावी, असे रस्ता सुरक्षेवरच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही म्हटले आहे. आमच्या पेठेत गर्दीच्या वेळी वेग तसाही कमीच असतो. मर्यादा लागते ती दुपारी आणि रात्री, रस्ता रिकामा असताना.

आता पूल, म्हणजे जिभाऊंचा प्रश्न. पूल अरुंद आहे, तो रुंद होणार नव्हता, आणि पेठेच्या बाजूने त्यावर चढ आहे. मी सुरुवातीला दोन्ही बाजूंना एक-एक मीटरची पट्टी आखत होतो. जिभाऊंना मैदानाच्या उतारावर चढताना पाहिले तेव्हा लक्षात आले की हळू चढणारी, लादलेली सायकल सरळ रेषेत जात नाही. तोल सांभाळताना ती डावी-उजवीकडे झुलते, आणि वेग जितका कमी तितकी तिला जागा जास्त लागते. उतरणाऱ्या सायकलीचा वेग गाड्यांच्या वेगाच्या जवळ असतो, ती रस्त्यातून गेली तरी चालते. म्हणून दोन्हीकडे अपुरी पट्टी देण्याऐवजी सगळी जागा चढाच्या बाजूला द्यावी, असे ठरले. डॉक्टरांनी यावर एक चांगली सूचना केली : चढ संपतो तिथे पुलावर लगेच पट्टी तोडू नये, दम घ्यायला पुढे थोडी जागा ठेवावी. जिभाऊ त्यावर काही बोलले नाहीत, पण आराखड्यावर त्या जागी त्यांनी बोट ठेवून मान हलवली.

पृष्ठभागावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण बहुतेक सायकलमार्ग तिथेच मरतात. सायकलमार्ग म्हटला की पेव्हर ब्लॉक बसवायची पद्धत पडली आहे. खान्देशात बऱ्याच ठिकाणी खाली काळी माती आहे, जी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडून आकसते. तिच्यावर मुरूम आणि खडीचा थर नीट दाबून घेतला नाही तर दोन पावसाळ्यांत ब्लॉक वरखाली होतात, आणि सायकलस्वार पुन्हा गुळगुळीत मुख्य रस्त्यावर येतो. मोटारीला जो उंचसखलपणा जाणवतही नाही, तो डॉक्टरांच्या बारीक टायरला आणि तीनचाकी हाताने ओढणाऱ्याच्या खांद्यांना प्रत्येक ब्लॉकवर जाणवतो. आमची मागणी सलग डांबरी किंवा काँक्रीट पृष्ठभागाची होती. त्याच्या जोडीला गटारावरच्या जाळ्यांचा मुद्दा होता. जाळीच्या सळया रस्त्याच्या दिशेने बसवल्या असतील तर चाक त्यांत अडकून माणूस पुढे फेकला जातो. त्याच सळया आडव्या बसवल्या तर काही होत नाही. खर्च तोच. मुलीच्या आईने आम्हाला शाळेजवळची अशी एक जाळी नेऊन दाखवली, आणि त्या जाळीत तिने टोचून ठेवलेली वाळकी काटेरी फांदी, मुलींनी तिथून जाऊ नये म्हणून. तेव्हापासून मी रस्त्यावरून जाताना आधी जाळ्यांकडे पाहतो.

सावली ही या भागात शोभेची गोष्ट नाही. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि एप्रिलमध्ये सकाळची शाळा सुटते तेव्हा ऊन डोक्यावर असते, म्हणजे बाजूच्या झाडाची सावली पडतच नाही. फांद्या मार्गावर आलेल्या असाव्या लागतात. कडुनिंब आणि करंज इथल्या मातीत तग धरतात, म्हणून त्यांची नावे निवेदनात लिहिली. यंत्रमाग कामगाराने मात्र याच झाडांबद्दल शंका काढली, आणि ती रास्त होती. तो रात्री अकराला जातो आणि सकाळी सातला परततो. रस्त्यावरच्या उंच खांबांचा उजेड झाडांच्या माथ्यावर अडतो आणि खाली मार्गावर अंधार पडतो. त्याला झाडे चालतील, पण दिवे फांद्यांच्या खाली असावेत आणि मधे उंच कुंपण किंवा झुडपे नकोत. "आत कुत्रं बसलंय की माणूस, ते लांबून दिसायला पाहिजे सर," असे त्याने सांगितले. दिवसाची सोय आणि रात्रीची सोय एकमेकींच्या विरुद्ध जाऊ शकतात, हे त्याच्या घरी जाऊन बसलो नसतो तर मला कळले नसते.

सायकल उभी करायच्या जागेबद्दल फार वाद झाला नाही. पेठेत, महाविद्यालयापाशी आणि बाजाराच्या तोंडाशी कुलूप घालता येईल अशा लोखंडी कमानी हव्यात, पुढचे चाक तेवढे अडकवायचे स्टँड नकोत, आणि पंक्चरवाल्याची टपरी पुलाजवळून उठवू नये, एवढे सगळ्यांना मान्य होते.

अंतिम निवेदन सहा पानांचे झाले. डच रस्तेरचनेत सायकलमार्ग तपासायचे पाच निकष मानतात : सलगता, सरळपणा, सुरक्षितता, आराम आणि आकर्षकता. मी सुरुवातीला या निकषांवर प्रकरणे पाडून निवेदन लिहिले होते. बाईंनी ते वाचून परत केले. वाचणाऱ्याला निकष कळतील, पण माणूस दिसणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मग आम्ही रस्त्याचे अकरा तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यापुढे तिथे कोणाला उतरावे लागते, कोण थांबते, कोण तिथून जातच नाही, हे लिहिले. चढाच्या तुकड्यापुढे जिभाऊंचे माप लिहिले, तीन फूट चार इंच. निवेदन स्वीकारणाऱ्या अभियंत्यांनी पहिला प्रश्न त्या मापाबद्दलच विचारला, आणि आम्ही त्यांना मैदानावर यायचे आमंत्रण दिले. ते आले, आणि त्यांच्यासाठी आम्ही फक्की पुन्हा टाकली.

त्यातले काय झाले आणि काय नाही, तेही लिहितो. शाळांच्या भागातले दोन्ही एकेरी मार्ग आराखड्यात आले आणि झाले. पृष्ठभाग सलग काँक्रीटचा आहे. जाळ्या आडव्या बसल्या. खांबांमधली फट १.२ मीटर आहे, ती मी स्वतः मोजली. चढाची पट्टी झाली, पण चढ संपल्यावर दम घ्यायला मागितलेली जागा मिळाली नाही, पट्टी माथ्यावरच संपते. गल्लीच्या तोंडांशी उंचवटे चार ठिकाणी मागितले होते, दोन ठिकाणी झाले. महामार्ग ओलांडण्याचा प्रश्न या रस्त्याच्या कक्षेत येत नाही, असे उत्तर मिळाले, आणि औद्योगिक वसाहतीत जाणाऱ्या कामगारांसाठी तोच प्रश्न सगळ्यांत मोठा आहे. त्यावर वेगळे निवेदन तयार करत आहोत, आणि या वेळी बैठक रात्रपाळीच्या वेळा पाहून दुपारी चारला ठेवली आहे.

बाजाराच्या दिवशी पुलापलीकडच्या मार्गाचे पेठेकडचे टोक भाजीवाल्यांच्या गोण्यांनी भरते. यावर पुन्हा वाद झाला, पण त्या भाजीवाल्यांपैकी बरेच जण पहाटे स्वतः सायकलीवर माल लादून येतात, तेव्हा त्यांना उठवा असे लिहायला कोणी तयार झाले नाही. सध्या त्यांच्याशी बोलून असे ठरले आहे की गोण्या मार्गाच्या आतल्या बाजूला लावायच्या आणि दुभाजकाकडून एक मीटरहून थोडी जास्त वाट मोकळी सोडायची. गेल्या बाजाराच्या दिवशी एका भाजीवाल्या आजींनी ती वाट मोजायला सुतळी बांधलेली काठी करून आणली होती, आणि काठीची लांबी त्यांनी आदल्या दिवशी जिभाऊंच्या सायकलीला लावून घेतली होती.